कोल्हापूरचा दगडी पूल आणि आपल्या चारीवरची मोरी



घोड नदीच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला पुलाची किंमत वेगळी सांगायला नको. ऊस तोडला, ट्रॉली भरली, तरी मधला ओढा आणि चारीवरची मोरी पार झाल्याशिवाय तो ऊस काही काट्यावर येत नाही. म्हणूनच आम्ही निमोण्याची मंडळी कोल्हापूरला गेलो, तेव्हा अंबाबाईचे दर्शन आटोपून पंचगंगेवरचा शिवाजी पूल मुद्दाम बघून आलो.

हा दगडी कमानींचा पूल १८७४ ते १८७८ या काळात बांधला गेला. कमानीचे गणित तसे साधे आहे. वरून भार पडला की दगड एकमेकांवर दाबले जातात आणि तो भार खांबांवाटे पायात उतरतो. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून पाया हलला किंवा सांधा सुटला, की कमानीचे बळ गेलेच म्हणून समजा.

या पुलाने कोल्हापूरला काय दिले? पन्हाळ्याच्या बाजूची गुळाची ढेप शहरात आणायची, तर पंचगंगा ओलांडायलाच हवी. पूल झाला, १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी गूळ व्यापारासाठी शाहूपुरी पेठ वसवली. पुढे १९०६ मध्ये कापड गिरणीचाही पाया घातला गेला. गुऱ्हाळ, पूल, रेल्वे आणि पेठ अशी ही साखळी आहे. यातली एक कडी तुटली, तर शेतकऱ्याचा माल बांधावरच राहतो.

पण जुन्या पुलाचे नुसते कौतुक करून भागत नाही. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणारी मिनीबस याच पुलाचा कठडा तोडून नदीत कोसळली. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या बालेवाडीकडची माणसे त्यात होती. तेरा जीव गेले. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या वेळचा दगडी पूल पुरात वाहून गेला आणि एस.टी.च्या दोन गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. कोल्हापुरात आता शेजारी नवा पूल झाला, महाडलाही झाला. पण गेलेली माणसे काही परत आली नाहीत.

आता आपल्याकडे बघा. बैलगाडीच्या हिशेबाने बांधलेल्या मोऱ्यांवरून आपण दोन-दोन ट्रॉल्या दामटतो. दगडाच्या सांध्यात पिंपळाचे रोप उगवते, मूळ आत शिरते, दगड सुटतो; आणि आपण म्हणतो, "अजून काय होतंय?" ट्रॉलीवर उसाबरोबर तोडणी कामगारांची पोरेसोरे बसलेली असतात, हे कुणी ध्यानात घेत नाही.

म्हणून आमची विनंती आहे. हंगामापूर्वी प्रत्येक गटातल्या सभासदांनी आपल्या वाटेवरच्या मोऱ्या व पूल एकदा डोळ्यांखालून घालावेत. पिंपळाचे रोप, तुटका कठडा किंवा खचलेला भराव दिसला, तर ग्रामपंचायतीला व संबंधित खात्याला लेखी कळवावे आणि अर्जाची पोच घ्यावी. ट्रॉली बेताची भरावी, मागे लाल परावर्तक लावावा आणि पुलावर समोरून गाडी येत असेल, तर अलीकडेच थांबावे.

खेप अर्धा तास उशिरा आली तरी चालेल. पण ट्रॉलीवरचे माणूस संध्याकाळी घरी पोचलेच पाहिजे.