डिप्लोमा झालाय, परदेशातल्या बिझनेस स्कूलला अर्ज करायचाय? आधी कागद कोणता ते पाहा

ईट, भूम, वाशी भागातल्या पालकांकडून आम्हाला एक प्रश्न सारखा येतो. मुलाचा किंवा मुलीचा डिप्लोमा झालाय, एजंट म्हणतोय परदेशातल्या बिझनेस स्कूलमध्ये थेट प्रवेश होईल, टोकन भरू का? आमचं उत्तर एवढंच, की आज भरू नका. आधी घरातला डिप्लोमा कोणता आहे ते पाहा. या एका शब्दाखाली तीन वेगळे कागद फिरतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तो दहावीनंतरचा तीन वर्षांचा, तंत्रशिक्षण मंडळाचा डिप्लोमा. दुसरा आयबी डिप्लोमा. नावात डिप्लोमा असला तरी ती खरं तर बारावी आहे. 1968 साली जिनिव्हात स्थापन झालेल्या संस्थेचा हा अभ्यासक्रम आहे. त्यात सहा विषय असतात, एकूण 45 गुण, आणि डिप्लोमा मिळायला किमान 24 लागतात. पुण्या-मुंबईच्या महागड्या शाळांत किंवा आखातात शिकणारी आपली काही मुलं तो करतात. तिसरा कागद खासगी संस्थांचा, वर्षभराचा 'इंटरनॅशनल डिप्लोमा'. तो समोर आला की एकच विचारायचं: शेवटी पदवी कोणतं विद्यापीठ देणार, आणि ते लेखी द्याल का? उत्तर गुळमुळीत आलं तर उठून यायचं.

आयबीवाल्यांचं गणित त्यातल्या त्यात सरळ आहे. त्यांनी बॅचलरला अर्ज करायचा, एमबीएला नाही. निकाल जुलैत लागतो, पण अर्ज त्याच्या कितीतरी आधी जातो. ब्रिटनसाठी यूकासवर साधारण जानेवारीपर्यंत पाच पर्याय भरायचे असतात, तेही शाळेने दिलेल्या अंदाजे गुणांवर. म्हणून शाळेतल्या शिक्षकांशी आधीच बोलून ठेवा. आणखी एक गोष्ट, आयबीत गणित दोन प्रकारचं आणि दोन पातळ्यांचं असतं. काही बिझनेस स्कूल नेमकं कुठलं गणित ते बघतात. हे अकरावीतच ठरतं, नंतर बदलणं अवघड.

आता तंत्रनिकेतनच्या मुलांकडे येऊ. नामांकित बिझनेस स्कूलचा एमबीए पदवीनंतरचा असतो आणि तिथे बहुतेक वेळा काही वर्षांच्या नोकरीचा किंवा धंद्याचा अनुभवही बघतात. नुसत्या डिप्लोमावर तो होत नाही. ब्रिटनमधली काही विद्यापीठं या डिप्लोमावर बिझनेसच्या बॅचलरला घेतात, पण खर्च पूर्ण आपला. आमच्या मते आपल्या मुलांसाठी दुसरी वाट जास्त शहाणपणाची आहे. इथेच थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा, तीन वर्षांत पदवी, मग अर्ज.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. 10+3+3 म्हणजे सोळा वर्षं झाली, बारावीवाल्यांच्या 10+2+4 इतकीच. पण पदवीच्या गुणपत्रिकांत तीनच वर्षं दिसतात. अमेरिकेतल्या बऱ्याच संस्था सोळा वर्षं मागतात, तेव्हा समोरचा म्हणू शकतो की तुमचं एक वर्ष कमी आहे. म्हणून अर्जासोबत डिप्लोमाच्या सगळ्या गुणपत्रिका आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश कसा मिळतो याचा खुलासा जोडायचाच. ट्रान्सक्रिप्टही दोन ठिकाणाहून काढावी लागते, मंडळाकडून आणि विद्यापीठाकडून. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

लगेच शिकायचं असेल तर अनुभव नसलेल्यांसाठी मास्टर्स इन मॅनेजमेंट आहे. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्क नाही. मात्र नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र लागतं आणि व्हिसासाठी ब्लॉक खात्यात वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. युरो शंभर रुपये धरला तर जवळपास 12 लाख.

पैशांचा विषय आपल्या घरांत नाजूक आहे. व्याजाचं कर्ज नकोच म्हणणारे अब्बा आम्ही पाहिलेत, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती हा पहिला पर्याय. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची परदेश शिष्यवृत्ती 27 जणांसाठी आहे. ती पदव्युत्तर आणि पीएचडीलाच मिळते, विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या 200 मध्ये आणि कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. ब्रिटनची चेव्हनिंग एक वर्षाच्या मास्टर्सचा पूर्ण खर्च उचलते, पण पदवी आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते. बुलढाण्याचे राजू केंद्रे याच शिष्यवृत्तीवर लंडनला शिकले. त्यांची एकलव्य संस्था घरात पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलांना परदेशी अर्जासाठी मार्गदर्शन करते. या सगळ्या वाटा पदवीनंतरच उघडतात, हेही बघा. कर्ज चालत असेल तर मौलाना आझाद महामंडळात चौकशी करा. केंद्राची 'पढो परदेश' व्याज सवलत 2022-23 पासून बंद आहे, तिच्या भरवशावर हिशेब मांडू नका.

अर्जातल्या निबंधाला मुलं उगाच घाबरतात आणि एजंटकडून तयार मजकूर घेतात. तसलं इंग्रजी वाचणाऱ्याला लगेच कळतं. आपल्या भागात खव्याच्या भट्ट्या आहेत. किलोभर खव्याला चार-पाच लिटर दूध जातं, दुधाचा भाव रोज द्यावा लागतो आणि व्यापाऱ्याकडून पैसे उशिरा येतात. ज्या मुलीने घरच्या भट्टीची वही सांभाळली, उन्हाळ्यात दूध आटल्यावर गिऱ्हाईक कसं टिकवलं हे पाहिलं, तिच्याकडे लिहायला भरपूर आहे. तेच साध्या इंग्रजीत लिहा, चुका शिक्षकांकडून तपासून घ्या.

शेवटी नावाचं. दहावीच्या गुणपत्रिकेवर शेख आधी, पासपोर्टवर शेवटी, आधारवर मोहम्मदचं स्पेलिंग तिसरंच, आणि वडिलांचं नाव कुठे आहे कुठे नाही. आपल्याकडे हे घरोघरी आहे. व्हिसाच्या टेबलावर यावरूनच फाईल अडकते. पासपोर्ट काढण्याआधी दहावीचा कागद समोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर तसंच भरा. फरक मोठा असेल तर राजपत्रात नावाची दुरुस्ती करून घ्या. हे काम डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातच उरकता येतं.