हातातला परीस

धारहून मांडवगडास निघालेल्या प्रवाशाला वाटेत नालछा हे गाव लागते. तेथून गड फार दूर नाही. १६१७ साली मांडवास मुक्काम केलेल्या जहांगीर बादशहाने ह्या गडाची एक लोककथा आपल्या आठवणींत नमूद करून ठेवली आहे. गवत कापणाऱ्या एका माणसाचा विळा एका दगडाला लागून पिवळा झाला. विळा बिघडला असे समजून त्याने तो लोहाराकडे नेला. चतुर लोहाराने परीस ओळखला व राजाला अर्पण केला. त्याच्या सोन्यातून गड उभा राहिला. पुढे राजाने तो परीस एका ब्राह्मणाला दान दिला. दक्षिणा म्हणून दगड मिळाला, ह्या रागाने ब्राह्मणाने तो नर्मदेत भिरकावला, आणि सत्य कळल्यावर जन्मभर हळहळला!

ही कथा वाचताना ईडिथ नेस्बिट (१८५८–१९२४) ह्या इंग्रज लेखिकेच्या ‘फाइव्ह चिल्ड्रन अँड इट’ ह्या १९०२ सालच्या बालकादंबरीची आठवण होते. सिरिल, अँथिया, रॉबर्ट व जेन ही चार खोडकर भावंडे आणि ‘लॅम्ब’, म्हणजे कोकरू, ह्या लाडक्या नावाचा त्यांचा तान्हा भाऊ खेड्यातील घरी राहावयास येतात. खडीच्या खाणीत वाळू उकरताना त्यांना एक विचित्र प्राणी सापडतो. त्याचे डोळे गोगलगाईसारखे, कान वटवाघळाचे, हातपाय माकडाचे आणि स्वभाव मात्र भलताच तिरसट! हा सॅमिअड रोज एक इच्छा पुरवितो; परंतु सूर्य मावळला की मिळालेले सर्व नाहीसे होते.

मुले अमाप सोने मागतात. खाण जुन्या मोहरांनी भरते. पण त्या कोणी दुकानदार घेत नाही, उलट पोलिसांचा संशय मात्र ओढवतो. मुले पंख मागतात, आणि अंधार पडल्यावर एका चर्चच्या मनोऱ्यावर अडकून पडतात. भुकेपोटी पाद्रीसाहेबांच्या कोठारातील अन्न त्यांनी घेतलेले असते. मात्र तेथे पैसे व क्षमायाचनेची चिठ्ठी ठेवण्यास ती विसरत नाहीत. खोडकरपणा आणि दुष्टपणा ह्यांतील अंतर लेखिकेने येथे किती सहज दाखविले आहे!

सर्वांत हृद्य प्रसंग धाकट्या भावाचा आहे. त्याच्या त्रासाने चिडून, “हा सगळ्यांना हवाहवासा वाटो, म्हणजे आम्हांला शांतता मिळेल,” अशा अर्थाचे शब्द एका भावाच्या तोंडून निघतात. झाले! दिसेल तो मनुष्य त्या बाळाला पळवू पाहतो. सकाळी ज्याची कटकट वाटत होती, त्यालाच सांभाळण्यासाठी भावंडे दिवसभर जिवाचे रान करतात. सूर्यास्तानंतर इतरांचा मोह ओसरतो. परंतु भटक्या जमातीतील, स्वतःची मुले गमावलेली एक बाई, जादू संपल्यावरही त्या बाळाला आशीर्वाद देते.

नेस्बिटबाईंचा मुलगा फेबियन १९०० साली पंधराव्या वर्षी वारला होता. हे पुस्तक त्यांनी घरातील धाकट्या जॉनला अर्पण केले. हे ठाऊक असलेल्या वाचकाला तो प्रसंग केवळ विनोदी वाटत नाही.

अखेरीस आईसाठी सहज बोललेल्या इच्छेमुळे दुसऱ्या बाईचे दागिने घरी येतात आणि एका निरपराध माणसावर चोरीचा आळ येतो. तेव्हा मुले यापुढे काहीही न मागण्याचे वचन देऊन सर्व पूर्ववत करून घेतात.

भटक्या लोकांची व अमेरिकेतील मूळ रहिवाशांची ह्यातील काही वर्णने आज खटकतात. वाचून दाखविताना आईबापांनी ती समजावून द्यावीत. पण पुस्तक अवश्य वाचावे. नर्मदेत परीस फेकणाऱ्याला हातात काय आहे हे कळले नव्हते. आपल्या घरात रडणारे, पसारा करणारे धाकटे भावंड हेही पुष्कळदा आपल्याला नुसता दगडच वाटते. सूर्य मावळण्यापूर्वी त्याला ओळखले, तर हळहळण्याची पाळी येणार नाही.