दातांची झीज : परीक्षकाच्या नजरेवर किती विसंबावे?

दातांच्या झिजेचे निदान वरकरणी अगदी सोपे वाटते. प्रत्यक्षात एकाच रुग्णाचे दात दोन अनुभवी दंतवैद्यांनी तपासले, तर झीज आहे का, किती आहे आणि कशामुळे आहे, या तिन्ही प्रश्नांवर त्यांचे मत जुळेलच असे नाही. दंतहर्षाचे रुग्ण आपल्याकडे नित्य येतात आणि दंतमंजने आपल्याच औषधालयांतून विकली जातात. म्हणून हा विषय आम्ही आपल्या वाचकांपुढे मांडीत आहोत.

प्रथम कारणांचा विचार करू. दातावर दात घासून होणाऱ्या झिजेत सपाट, चकचकीत पृष्ठे दिसतात व ती समोरच्या दाताशी जुळतात. ब्रश, मिश्री वा भरड मंजन यांच्या घर्षणाने बहुधा हिरडीलगत खाच पडते. आम्लाने होणाऱ्या झिजेत दाताची नैसर्गिक रेखाटणी पुसली जाऊन पृष्ठभाग गुळगुळीत होतो व दाढांच्या टोकांवर वाटीसारखे खळगे पडतात. आम्ल आहारातील असेल किंवा जठरातून वर येणारे असेल. दीर्घकाळ आम्लोद्गार वा वारंवार छर्दी असलेल्या रुग्णात वरच्या दातांची टाळूकडील बाजू विशेषेकरून झिजते. परंतु आम्लाने मृदू झालेला पृष्ठभाग घासण्याने अधिक वेगाने झिजतो. त्यामुळे द्वंद्वज व्याधीप्रमाणे येथेही लक्षणे मिसळतात आणि केवळ दर्शनाने हेतू ठरविणे कठीण होते.

झिजेची मात्रा ठरविणेही तितकेच अवघड आहे. स्मिथ व नाईट यांनी १९८४ साली मांडलेल्या निर्देशांकात ० ते ४ अशा श्रेणी आहेत. त्यांतील वरच्या श्रेणी एनॅमलचे कवच जाऊन आतील डेंटिन किती उघडे पडले, यावर अवलंबून आहेत. अडचण अशी, की लहान खळग्यात डेंटिन खरोखर उघडे पडले आहे का, हे डोळ्यांनी खात्रीपूर्वक सांगता येत नाही. काढलेल्या दातांचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून परीक्षकांची मते पडताळली गेली, तेव्हा हे दिसून आले. म्हणून २००८ साली बार्टलेट, गान्स व लुसी यांनी 'बेवे' ही सोपी पद्धत सुचविली. तीत ० म्हणजे झीज नाही, १ म्हणजे पृष्ठरचनेतील आरंभीचा बदल, २ म्हणजे निम्म्याहून कमी पृष्ठावर स्पष्ट हानी आणि ३ म्हणजे निम्म्या वा अधिक पृष्ठावर हानी. तोंडाचे सहा भाग करून प्रत्येकातील सर्वाधिक झिजलेल्या पृष्ठाचा अंक घेतात. बेरीज १८ पर्यंत जाते. तरीही ० आणि १ यांतील सीमा धूसरच राहते. तीव्र झीज सर्वांनाच दिसते. मतभेद होतो तो आरंभी, म्हणजे जेव्हा निदानाचा सर्वाधिक उपयोग असतो तेव्हाच.

मतैक्य मोजण्यासाठी कोहेन यांनी १९६० साली 'कप्पा' हा अंक दिला. एक कल्पित उदाहरण घेऊ. दोन परीक्षकांनी १०० रुग्ण तपासले आणि प्रत्येकाने ८० जणांत झीज सांगितली. एकूण ७६ रुग्णांबाबत त्यांचे मत जुळले. हे मतैक्य उत्तम वाटते. पण इतक्या जणांत झीज सांगितली गेली असता केवळ योगायोगानेच ६८ ठिकाणी मत जुळले असते. उरलेल्या ३२ पैकी खरे मतैक्य ८ चेच, म्हणून कप्पा ०.२५. प्रचलित मोजपट्टीनुसार ०.४१ ते ०.६० मध्यम आणि ०.६१ ते ०.८० चांगले मानतात. अर्थात, टक्केवारी फसवी ठरू शकते.

यातून आपण काय घ्यावे? औषधनिर्मात्यांनी 'आमच्या मंजनाने झीज थांबते' असे म्हणण्यापूर्वी किमान दोन प्रशिक्षित परीक्षकांनी, कोणाला कोणते मंजन दिले हे ठाऊक नसताना, तपासणी केलेली असावी. परीक्षकांचा कप्पा सांगितलेला असावा. एकाच परीक्षकाने काही रुग्ण काही दिवसांनी पुन्हा तपासून स्वतःशीही मत जुळते का, हे पाहिलेले असावे. परीक्षकांतील फरकच मंजनाच्या परिणामापेक्षा मोठा असेल, तर निष्कर्षाला अर्थ उरत नाही. दंतधावनाने हिरड्यांना इजा होऊ नये, ही चरकाचार्यांची दृष्टी आहे. ती ध्यानी घेऊन चूर्ण वस्त्रगाळ ठेवणे हेही निर्मात्याचे कर्तव्यच होय.

चिकित्सकांनी एका दर्शनावर अंतिम मत देऊ नये. दात कोरडे करून, भरपूर प्रकाशात पाहावे. आहार, आम्लपित्त, दंतधावनाची रीत व तंबाखू-मिश्री यांविषयी प्रश्न अवश्य करावेत. दर्शनात जे निसटते ते प्रश्नपरीक्षेत सापडते. शक्य तेथे छायाचित्र काढून तारखेसह ठेवावे व काही महिन्यांनी त्याच्याशी तुलना करावी. झीज वाढत असल्यास रुग्णास दंतवैद्याकडे पाठवावे. गेलेले एनॅमल शरीर पुन्हा निर्माण करीत नाही. म्हणूनच आरंभीच्या झिजेबाबत नोंदीइतका विश्वासू साक्षीदार दुसरा नाही.