एका संगणकात दोन कार्यप्रणाली

ड्युअल बूट : डिस्कचे भाग पाडून एकात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स. संगणक सुरू होताना ‘ग्रब’ या बूटलोडरची यादी दिसते, त्यातून एक निवडायची. एका वेळी एकच चालते. बदलायची तर रीस्टार्ट.

व्हर्च्युअल मशीन वेगळे : दोन्ही एकदम चालतात, पण रॅम वाटून घेतात. ४ जीबीच्या जुन्या लॅपटॉपची दमछाक होते.

क्रम : आधी बॅकअप, मग विंडोज, मग लिनक्स. उलट केल्यास विंडोज सहसा स्वतःचेच बूटलोडर पुढे करते. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी-की आधीच लिहून ठेवावी. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. नाहीतर विंडोजच्या भागावर लिनक्समधून नीट लिहिता येत नाही.

घड्याळाचा घोळ : विंडोज मदरबोर्डवरचे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवते, लिनक्स जागतिक वेळेवर. म्हणून लिनक्सनंतर विंडोज उघडले की भारतात वेळ नेमकी साडेपाच तास मागे! लिनक्समधला उपाय : ‘timedatectl set-local-rtc 1’.

आधार आणि पर्याय : विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पर्यायांपैकी ‘बॉस’ ही सी-डॅकची भारतीय लिनक्स, मराठीतही चालते.

नांदेडच्या विष्णुपुरीचा योगायोग : लिनक्सची ०.०१ आवृत्ती १७ सप्टेंबर १९९१ ची. इथले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ चे. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनही तोच.