जुनी गाडी घेताना : अडकणारा हँडब्रेक आणि घसरणारा क्लच

दिवाळी-कार्तिकाच्या सुमारास चातुर्मासाची सांगता होते. चार महिने एका गावी स्थिरावलेल्या साधु-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात आणि श्रावकांच्या घरांतही यात्रेचे बेत ठरू लागतात. वाशीमहून कोणी शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास निघतो, कोणी कारंजा लाड येथील प्राचीन मंदिरांना वंदन करण्यास जातो. सोयाबीन बाजारात गेलेले असते, हाती चार पैसे असतात आणि घरात चारचाकीचा विषय निघतो. नवी गाडी आवाक्याबाहेर असली की वापरलेल्या गाडीचा शोध सुरू होतो. त्यात वावगे काही नाही. चांगली राखलेली जुनी गाडी अल्पपरिग्रही कुटुंबाची उत्तम सोय करते. प्रश्न एवढाच, की ती खरोखर चांगली राखलेली आहे हे ओळखावे कसे?

रंग, आसने, टायर यांकडे सर्वांचेच लक्ष जाते. परंतु गावातल्या गावात पाच मिनिटे फिरवून पाहिल्यास दोन दोष सहज दडून राहतात : अडकणारा हँडब्रेक आणि घसरणारा क्लच. अकोल्याहून पातूरमार्गे मेडशी-मालेगावकडे येताना लागणाऱ्या घाटात, गाडीत वृद्ध आईवडील आणि मुले असताना हे दोष प्रकट झाले, तर ती केवळ खर्चाची बाब राहत नाही. उतारावर उभी केलेली गाडी आपोआप सरकली, तर पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या जीवांनाही धोका पोहोचतो. यतना, म्हणजे सावधपणे वागणे, हा आपल्या आचाराचा पाया आहे आणि वाहनाची परीक्षा हा त्याचाच एक भाग मानावा.

एक तक्रार, दोन कारणे

या दोन्ही दोषांची तक्रार बहुधा एकाच वाक्यात केली जाते : ‘गाडी ओढत नाही, ॲव्हरेजही देत नाही.’ म्हणूनच निदानात गोंधळ होतो. हँडब्रेक अडकलेला असेल, तर इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचते, पण चाकेच धरून ठेवलेली असतात. क्लच घसरत असेल, तर चाके मोकळी असतात, पण शक्ती त्यांच्यापर्यंत पुरती पोहोचत नाही.

भेद ओळखण्याची पहिली रीत सोपी आहे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी हळू चालवून न्यूट्रलमध्ये टाकावी. ती लगेच मंदावून थांबली, तर ब्रेक धरत असल्याचा संशय घ्यावा. ती सहज घरंगळत राहिली, पण गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबताच इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग मात्र त्या मानाने वाढत नाही, तर क्लचचा संशय घ्यावा. तपासणी नेहमी हँडब्रेकपासून सुरू करावी. धरलेल्या चाकांविरुद्ध गाडी ओढावी लागली, की क्लचवरही जादा ताण येतो. पहिला दोष तसाच ठेवून नवी क्लचप्लेट बसवली, तर तीही लवकर झिजण्याची भीती असते.

हँडब्रेकची परीक्षा

बहुतेक छोट्या गाड्यांत हँडब्रेकचा दांडा वर ओढला की केबल ताणली जाते आणि मागच्या दोन्ही ड्रममधील ब्रेक शू बाहेर फाकून ड्रमला घट्ट टेकतात. दांडा खाली केल्यावर स्प्रिंगांनी ते शू परत मागे ओढायचे असतात. हे परतणे अपुरे राहिले की ब्रेक अडकतो. केबलच्या आवरणात पाणी शिरून आतली तार गंजणे, ड्रममधली छोटी पट्टी तिच्या खिळीवर जाम होणे, स्प्रिंग सैल पडणे, किंवा केबल गरजेपेक्षा जास्त ताणून ठेवणे, ही त्याची नेहमीची कारणे. आपल्याकडील काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात चाकांच्या आतल्या बाजूस बसतो आणि केबलच्या टोकांपाशी ओल टिकवून ठेवतो. हँडब्रेक ओढून गाडी कित्येक दिवस उभी राहिली, तर शू ड्रमलाच गंजाने चिकटतात. पहिल्यांदा हलवताना मागून ‘खट्’ असा आवाज येतो तो याचाच.

आठ-दहा किलोमीटर, शक्य तितका कमी ब्रेक वापरून, गाडी चालवावी. थांबल्यावर मागच्या दोन्ही चाकांजवळ हात न्यावा, पण स्पर्श करू नये, कारण ड्रम भाजण्याइतका तापलेला असू शकतो. एका बाजूस स्पष्टपणे अधिक उष्णता किंवा जळका वास असेल, तर ते चाक धरत आहे.

यानंतरची तपासणी मेकॅनिकच्या मदतीने करावी. पुढच्या चाकांनी चालणारी गाडी असेल, तर ती गिअरमध्ये ठेवून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, मग मागची बाजू जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. हँडब्रेक खाली करून दोन्ही चाके हाताने फिरवावीत. दोन्ही सारखीच जड असतील, तर दोष दांड्यात, मुख्य केबलमध्ये किंवा तिच्या ताणात असण्याची शक्यता जास्त. एकच जड असेल, तर त्या बाजूची केबल किंवा ड्रम पाहावा. आता केबलचा ताण पूर्ण सैल करावा. चाक मोकळे झाले, तर दोष केबलकडे. तरीही अडकलेलेच राहिले, तर दोष ड्रमच्या आत आहे. आणि पायाचा ब्रेक दाबून सोडल्यानंतरच चाक धरत असेल, तर हँडब्रेकला दोष न देता ब्रेक ऑइलची नळी आणि चाकातील सिलिंडर तपासावेत. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकून उडवू नये, ती फुप्फुसांना घातक असते. लायनरला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नये.

येथे एका चलाख उपायाची ओळख करून घेणे आवश्यक आहे. अडकणारा हँडब्रेक दुरुस्त न करता काही विक्रेते केबलच सैल करून ठेवतात. चाके मोकळी फिरतात, गाडी हलकी वाटते, पण ब्रेक धरतच नाही. म्हणून सौम्य उतारावर, पुढे-मागे कोणी नसताना, पायाचा ब्रेक दाबून हँडब्रेक ओढावा, न्यूट्रल करावे आणि पायाचा ब्रेक अलगद सोडून पाहावा. चढाकडे व उताराकडे, दोन्ही दिशांना तोंड करून हीच परीक्षा करावी. दांड्याच्या ‘टक् टक्’ खाचा मोजाव्यात. किती खाचांत ब्रेक धरला पाहिजे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. दांडा पार वर जाऊनही गाडी सरकत असेल, तर समाधान मानू नये.

क्लचची परीक्षा

क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला दुवा. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या दाबात क्लचप्लेट घट्ट पकडली जाते आणि शक्ती पुढे जाते. पकड ढिली झाली की प्लेट घसरते. हा दोष पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये लपतो आणि वरच्या गिअरमध्ये, चढावर, भरल्या गाडीत उघड होतो. म्हणून सपाट रस्त्यावर ताशी सुमारे चाळीस किलोमीटर वेगाने चौथ्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. आरपीएमचा काटा उडी घेऊन वर गेला आणि वेगाचा काटा मागेच राहिला, तर निदान जवळजवळ निश्चित झाले.

उभ्या गाडीतही एक परीक्षा करता येते. मोकळ्या जागी, पायाचा ब्रेक घट्ट दाबून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले पाहिजे. ते चालूच राहिले, तर क्लच फारच झिजला आहे. मात्र थोडा घसरणारा क्लच या परीक्षेत उत्तीर्ण होऊ शकतो, म्हणून रस्त्यावरची परीक्षा टाळू नये. ही परीक्षा पुन्हापुन्हाही करू नये, त्याने प्लेट तापते.

घसरणे सिद्ध झाले म्हणजे लगेच प्लेट बदलावी असे नव्हे. केबलचा क्लच असलेल्या गाडीत पेडलला थोडी मोकळी चाल हवी. ती अजिबात नसेल, तर केबल जास्त ताणलेली असते आणि प्लेट पूर्ण पकडली जात नाही. पुस्तिकेनुसार ताण नीट केला, तर कधीकधी एवढ्यावरच काम भागते. दुसरे कारण तेलाचे. इंजिनाच्या मागचे किंवा गिअरबॉक्सचे ऑइल सील गळून तेल प्लेटवर आले, तर नवी प्लेटही घसरेल, आधी सील बदलले पाहिजे. प्लेट बदलायचीच असेल, तर प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंगही त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे, कारण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि ती मजुरी दोनदा द्यावी लागू नये.

विहारसेवेतील गाडी

विहारात मुनिश्रींच्या मागे चालण्याच्या गतीने गाडी नेणारे स्वयंसेवक आपण पाहतो. पहिल्या गिअरमध्येही गाडीची स्वाभाविक गती माणसाच्या चालीहून अधिक असल्याने चालक अर्धा क्लच दाबून ठेवतो आणि प्लेट सतत घासत राहते. त्यापेक्षा संघ थोडा पुढे जाऊ द्यावा, गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभी ठेवावी, मग क्लच पूर्ण सोडून ते अंतर गाठावे आणि पुन्हा थांबावे. तसेच पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल, तर सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना ठोकळे लावून आणि हँडब्रेक खाली करून ठेवावी.

व्यवहारातील सचोटी

दोष सापडला म्हणजे गाडी सोडून द्यावी असे नाही. दुरुस्तीचा अंदाज गॅरेजमधून लेखी घ्यावा आणि किमतीत तेवढी वजावट मागावी. सौदा ठरल्यावर नमुना २९ व ३० भरून मालकी बदलून घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे राज्यातल्या राज्यातील विक्रीची सूचना विकणाऱ्याने १४ दिवसांत द्यायची असते, घेणाऱ्याने ३० दिवसांत. विमाही १४ दिवसांत आपल्या नावे करण्यासाठी अर्ज द्यावा. हे राहून गेले, तर गाडी आपल्या दारात आणि जबाबदारी दुसऱ्याच्या माथी, अशी अवस्था होते.

आणि विकण्याची वेळ आपल्यावर आली तर? आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये प्रतिरूपक व्यवहाराची गणना आहे : खऱ्याच्या जागी खोटे खपवणे. केबल सैल करून हँडब्रेकचा दोष झाकणे हे त्याचेच आजचे रूप होय. दोष सांगून विकलेल्या गाडीला चार पैसे कमी मिळतील, परंतु ती घेणारे कुटुंब घाटात निर्धास्त राहील. श्रावकाच्या व्यवहाराची किंमत त्या निर्धास्तपणात असते.