फुसफुस कुठून येते?

पेंटबॉलची बंदूक मुळात खेळासाठी नव्हतीच. तोडायच्या झाडांवर लांबून रंगाची खूण करता यावी म्हणून अमेरिकेतल्या वनरक्षकांसाठी ती निघाली. शहापूर-मुरबाडच्या जंगलात हेच काम छापाचा हातोडा करत आला. 1981 साली न्यू हॅम्पशायरमध्ये बारा जणांनी या बंदुकीचा खेळ केला.

गोळी उडते ती दाबाखालच्या वायूने. बंदुकीला जोडलेल्या बाटलीत कार्बन डायऑक्साइड असेल, तर 21 अंश तापमानाला दाब साधारण 850 पीएसआय असतो. मोटारीच्या चाकात जेमतेम 32. आणि 31 अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही, दाब झपाट्याने चढतो. मुरबाडच्या मे महिन्यात भरलेली बाटली उन्हात ठेवणं म्हणजे संकटाला आवतण.

बंदुकीतून फुसफुस ऐकू आली, तर वायू कुठून तरी गळतो आहे. गळती शोधायला साबणाचं पाणी पुरतं, पंक्चरवाल्यासारखंच. बुडबुडे बाटलीच्या तोंडाशी आले, तर तिथली ओ-रिंग चिरली आहे. काही रुपयांची ही रबरी कडी बहुतेक वेळा गुन्हेगार निघते, म्हणून आधी तीच बदलावी. वायूच्या नळीच्या जोडावर बुडबुडे दिसले, तर आटे साफ करून योग्य सीलंट लावावं.

बंदुकीच्या नळीच्या तोंडातून, म्हणजे गोळी सुटते तिथून, हवा येत असेल तर दोष आत, व्हॉल्व्हच्या कप-सीलमध्ये. कधी नुसता कचरा अडकलेला असतो. तेल पेंटबॉलचंच घालावं. घरातला गंज काढायचा स्प्रे काही सीलना फुगवतो.

खोलण्याआधी मात्र गोळ्या काढाव्यात, बाटली सोडवावी, आत उरलेला दाब सुरक्षित दिशेला मोकळा करावा. डोळे झाकणारा मुखवटा तेव्हाही हवाच.