पाकिटाच्या पोटात काय असते?

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम नावाचे गाव आहे. तेथील विवेकानंद आश्रमात दरवर्षी विवेकानंद जयंतीचा मोठा उत्सव होतो. महाप्रसादाच्या दिवशी लाखो माणसे पंगतीला बसतात, आणि पुऱ्या व वांग्याची भाजी भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पंगतींमधून फिरतात. विद्यार्थी मित्रहो, या पंगतीतली एक गोष्ट ध्यानात घ्या. येथे पुरी तळली जाते, वाढली जाते आणि लगेच खाल्ली जाते. तिला पाकीट लागत नाही.

आता आपल्या गावातल्या किराणा दुकानाकडे पाहा. दाराशी वेफर्सच्या पाकिटांच्या माळा लटकत असतात. वेफरसुद्धा पुरीसारखाच तेलात तळलेला पदार्थ. पण तो तळला जातो दूरच्या कारखान्यात आणि तुमच्या तोंडात पडतो कित्येक आठवड्यांनी. एवढे दिवस तो कुरकुरीत कसा राहतो? आणि तो खाऊन झाल्यावर त्या पाकिटाचे काय होते? या दोन प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी दडलेले आहे. ते म्हणजे पाकिटाची रचना.

तीन शत्रू, तीन थर

तळलेल्या पदार्थाचे तीन शत्रू असतात. हवेतल्या ऑक्सिजनचा तेलाशी संयोग झाला की तेल खवट होते. बाष्प लागले की वेफर सादळतो. उजेडामुळे खवटपणाची क्रिया अधिक वेगाने होते. म्हणून पाकिटातली हवा काढून तेथे नायट्रोजन भरतात. पण तो आत राहावा आणि बाहेरची हवा आत शिरू नये, हे काम पाकिटाच्या कागदासारख्या पातळ पापुद्र्याला करावे लागते.

हा पापुद्रा म्हणजे प्लॅस्टिक, अर्थात बहुवारिक. लहान लहान रेणू हजारोंच्या संख्येने साखळीसारखे जोडले गेले की बहुवारिक तयार होते. १९३३ साली इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट हे रसायनशास्त्रज्ञ एथिलीन वायूवर प्रचंड दाबाखाली प्रयोग करीत होते. प्रयोगाच्या अखेरीस त्यांना भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला. तेच आपले पॉलिथीन. ते बाष्प चांगले अडवते आणि थोड्या उष्णतेने चिकटते, म्हणून त्याने पाकिटाचे तोंड बंद करता येते. मात्र ऑक्सिजन त्यातून बराच झिरपतो.

एका थराने भागत नाही, म्हणून अनेक थर एकमेकांना चिकटवतात. बाहेरचा थर मजबूत आणि छपाईला सोयीचा. मधला थर ॲल्युमिनियमचा. आतला थर उष्णतेने चिकटणारा. वेफर्सच्या पाकिटात पुष्कळदा ॲल्युमिनियमचा वेगळा पत्रा नसतोच. निर्वातात ॲल्युमिनियमची वाफ करून प्लॅस्टिकवर तिचा मुलामा चढवतात. हा मुलामा आपल्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो! एवढ्याशा धातूने ऑक्सिजन, बाष्प आणि उजेड हे तिन्ही शत्रू अडतात. कौतुक करावे अशीच ही करामत आहे.

अडचण कोठे येते?

जी गोष्ट वेफरच्या फायद्याची, तीच पाकीट रिकामे झाल्यावर नडते. पॉलिथीन सुमारे ११० अंश सेल्सिअसला वितळते, तर बाहेरच्या थरासाठी काही पाकिटांत वापरतात ते ‘पेट’ सुमारे २५० अंशांना. दोन्ही वितळवून एकत्र केली तरी ती तेल-पाण्यासारखी अलग राहतात आणि बनणारी वस्तू ठिसूळ होते. थर सोलून वेगळे करणे खर्चाचे काम आहे. शिवाय एका पाकिटाचे वजन दोन ग्रॅम धरले, तर एक किलो जमवायला ५०० पाकिटे वेचावी लागतील. म्हणून भंगारवाला बाटल्या नेतो आणि पाकिटांकडे पाठ फिरवतो. मग ती शेताच्या बांधावर, नाल्यात किंवा गुरांच्या पोटात जातात.

चुलीत घालून ती संपवता येतील असे काहींना वाटते. तसे मुळीच करू नका. कमी उष्णतेत प्लॅस्टिक अर्धवट जळते आणि विषारी धूर होतो. त्यात पी.व्ही.सी. असेल तर हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखी घातक द्रव्येही निघतात.

मग काचेकडे आणि पत्र्याकडे परत वळावे का? तेही इतके सोपे नाही. अर्धा लिटर दुधाला काही ग्रॅमची पिशवी पुरते. काचेची बाटली तिच्या कितीतरी पट जड असते, आणि ती वाहून नेण्यास व धुण्यास इंधन व पाणी लागते. प्रश्न प्लॅस्टिक असावे की नसावे एवढाच नाही. ते पुन्हा वापरता येईल अशा रीतीने बनवले आहे का, हा खरा प्रश्न आहे.

दुधाच्या पिशवीचा धडा

दुधाची साधी पिशवी पॉलिथीनच्याच कुळातली असते, म्हणून ती वितळवून पुन्हा वापरता येते. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. तिच्यात दुधाच्या पिशवीला दोन अटींवर मुभा दिली : जाडी किमान ५० मायक्रॉन असावी आणि पिशवी परत घेण्याची किंमत, निदान ५० पैसे, तिच्यावर छापावी. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र शासनाने वेष्टनांची वर्गवारी करून त्यांच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. आता संपूर्ण पाकीट एकाच कुळातल्या प्लॅस्टिकचे बनवण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. हवा अडवण्यात ते ॲल्युमिनियमच्या तोडीचे व्हावे, ही त्यातली कसोटी आहे.

पण छापलेली किंमत पिशवीला आपोआप दुकानात परत नेत नाही. ते काम माणसाचे. येथे तुमच्या हातातली एक गोष्ट सांगतो. पिशवीचा कोपरा कापताना तो पूर्ण तोडू नका, पिशवीला लटकता ठेवा. तुटलेला एवढासा तुकडा कोणीही वेचत नाही.

हे करून पाहा

दुधाची पिशवी, वेफर्सचे पाकीट, शाम्पूची पुडी आणि पाण्याची बाटली यांचे नखाएवढे तुकडे धुऊन घ्या. साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात ते बुडवून सोडा. पॉलिथीनची घनता ०.९२ च्या आसपास, म्हणून ते तरंगेल. बाटलीच्या पेटची १.३८, म्हणून ते तळाशी जाईल. पुडी बुडाली तर तिच्यात पेट किंवा ॲल्युमिनियम बरेच आहे असे समजा. नंतर चकाकणारे पाकीट मुठीत चुरगाळून सोडा. उलगडले तर नुसता मुलामा. चुरगाळलेलेच राहिले तर आत ॲल्युमिनियमचा पत्रा असण्याचा संभव.

शेवटी आठवडाभर शाळेच्या आवारातली पाकिटे वेचून, धुऊन, ‘एकाच कुळातली’ आणि ‘मिश्र’ असे दोन ढीग करा. दोन्हींचे वजन करून फळ्यावर लिहा. कोणता ढीग भंगारवाला नेतो आणि कोणता तुमच्याकडेच उरतो, ते पाहा. पुढच्या वेळी दुकानात उभे राहाल, तेव्हा हा उरलेला ढीग आठवा, आणि हा खाऊ पाकिटातलाच हवा की घरी तळलेला चालेल, हे स्वतःला विचारा.